वॉलीशिवाय निवडणूक

...नाही, पण मला विचारायला नको? निदान एक फोन तरी? अहो, माणूस म्हातारा घोडा विकायचा झाला तरी शेजाऱ्याच्या कानावर घालतो... आणि हा वॉली क्लाइनिग! लागोपाठ आठ निवडणुका जिंकलेला आमचा पिंडारूचा आमदार! आठही वेळा कुणाला पाडून? मला! या डेस पेनरोझला पाडून! आणि तो आता उभा राहणार नाही हे मला कळतं कुठं, तर बेकरीत! मी आपला शनिवारचा पाव घ्यायला गेलेलो, आणि ती काउंटरवरची बाई पिशवीत पाव कोंबता कोंबता सांगते, 'ऐकलंस का डेस, वॉली थांबतोय म्हणे या खेपेला. गुडघे गेले बिचाऱ्याचे.' गुडघे! आणि माझी कंबर गेली ती? ती कधी सांगितली का कुणी बेकरीत? उभा जन्म मेंढ्यांची लोकर कातरण्यात गेला माझा, वाकून वाकून असा झालोय की चुकून सरळ उभा राहिलो तर लोक विचारतात, काय रे, बरं नाही का? तरी मी उभा राहतोच ना निवडणुकीला? आणि ह्याचे म्हणे गुडघे!

बरं, ती बाई तेवढ्यावर थांबेल तर शपथ. सुटे पैसे माझ्या हातावर ठेवले, वर माझा हात थोपटला आणि डोळे मोठे करून म्हणाली, 'मनाला लावून घेऊ नकोस हं. मागच्या वेळी दुसरी पसंती तुलाच दिली होती मी!'

दुसरी पसंती तुलाच! तुम्हाला सांगतो, हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. पाव घ्यायला जावं, दुसरी पसंती तुलाच. पंपावर डिझेल भरावं, दुसरी पसंती तुलाच. एकदा दात काढायला गेलो होतो, तोंडात दोन्ही हात घातलेले त्या डॉक्टरनं, आणि वरून म्हणतो, 'डेस, दुसरी पसंती तुलाच दिलीय हं!' मी काय बोलणार? आ वासून पडलेलो!

आता आमच्याकडे ऑस्ट्रेलियात मत देणं म्हणजे एक शिक्का मारला आणि सुटलो असं नाही. पत्रिकेवर जितकी नावं तितके चौकोन, आणि सगळ्या चौकोनांत आकडे घालायचे, सगळ्यात लाडक्याला एक, त्याच्या खालोखाल दोन, मग तीन, मग चार... एक आकडा जरी गाळलात तरी अख्खं मत बाद! आणि ही दुसरी पसंती उघडतात कधी, तर पहिली पसंती ज्याला दिली तो गडी सगळ्यांच्या मागं पडून बाद झाला तरच. म्हणजे वॉलीला पहिली आणि मला दुसरी देणाऱ्या माणसाचं माझ्यावरचं प्रेम कधी मोजलं जाणार? वॉली शेवटचा आला तर! वॉली! ज्याच्या मतांचा ढीग टेबलावर मावत नाही म्हणून जमिनीवर रचतात, तो शेवटचा येणार? तुम्हीच सांगा! अख्ख्या गावाची माया माझ्यावर, पण ती सगळी वॉलीच्या ढिगाखाली दाबलेली. कुणी उघडलीच नाही हो कधी. मला ती बघायची होती एकदा.

आणि मी काय फार मागत होतो का? आमदारकी बिमदारकी सोडा. मतदारसंघ केवढा आमचा, सकाळी न्याहारी करून निघालात तर दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर दुपारचं जेवण थंड होतं. तो सगळा जिंकेन असं मी दारू पिऊनसुद्धा कधी म्हटलं नाही. मला हवी होती ती फक्त पिंडारूच्या हॉलमधली पेटी. एवढीशी पुठ्ठ्याची पेटी! ज्या गावात जन्मलो, ज्या हॉलमध्ये ग्लेनिसबरोबर पहिल्यांदा नाचलो, तिच्या पायावर पाय दिला आणि तरी तिनं लग्न केलं, त्या गावानं, त्या हॉलनं एकदा म्हणावं, आमचा पहिला डेस. बस्स. एकदा!

उभा तरी कशाला राहिलो म्हणाल. तर आमच्या पक्षाची पिंडारू शाखा म्हणजे काय, मी, ग्लेनिस, रेल्वेतला एक म्हातारा आणि त्याची बहीण, जी केकसाठी यायची. सभा आमच्या स्वयंपाकघरात. उमेदवार कोण, असं म्हाताऱ्यानं विचारलं, आणि मी नेमका किटली उतरवायला उठलो. 'डेस उभा राहिला!' झालं! ठराव मंजूर! किटली हातात असताना मी उमेदवार झालो, आणि तो जो झालो तो झालोच.

आणि समोर हा वॉली. तेव्हा दोघंही तरणेताठे. हा गव्हाच्या शेतकऱ्यांचा, मी मजुरांचा. मी म्हटलं, आता बघा कसा सोलतो ह्याला! विजेच्या खांबांवर पोस्टर लावायला निघालो, तर माझी शिडी आखूड. खांबाच्या निम्म्यावर जाऊन मी लोंबकळतोय, तेवढ्यात धूळ उडवत ह्याची गाडी आली. 'काय रे डेस, शिडी हवी का?' ह्याची शिडी लांब! दिली की मला! वर म्हणतो, 'थांब, मी धरतो खालून, ही जरा डुगडुगते.' आता जो माणूस तुमची शिडी धरून उभा आहे त्याच्या पोस्टरच्या वर तुमचं पोस्टर ठोकाल का तुम्ही? नाही ना होत! मी आपलं त्याच्या खाली ठोकलं. तेव्हापासून अख्ख्या मतदारसंघात, प्रत्येक खांबावर, वर वॉलीचा चेहरा आणि त्याच्या हनुवटीखाली माझा. आठ निवडणुका! ग्लेनिस म्हणायची, 'तू त्याच्या टायसारखा दिसतोस.'

बरं, माणूस नालायक असता तर सोपं होतं हो! चोर असता, लबाड असता, तर मी भाषणं ठोकली असती, घसा फोडला असता. पण ह्याच्याबद्दल बोलणार काय? एक वर्ष उंदरांचं आलं. उंदीर म्हणजे किती, रात्री जमीन हलायची. गादीत उंदीर, टोस्टरमध्ये उंदीर, शाळेत पोरांनी डबे उघडले की उंदीरच आधी जेवायचे. आणि तिकडे मेलबर्नला मंत्रिमहाशय काय म्हणतात? 'परिस्थितीचा अभ्यास चालू आहे.' वॉलीनं काय करावं? एक दुधाचा मोठा कॅन घेतला, त्यात उंदीर भरले, झाकण लावलं आणि गेला आगगाडीनं राजधानीला. मंत्र्याच्या टेबलावर कॅन ठेवला, शांतपणे म्हणाला, 'साहेब, अभ्यासासाठी आणलेत.' आणि झाकण उघडलं! मंत्री खुर्चीवर, सचिव कपाटावर... संध्याकाळपर्यंत औषधाचे पैसे मंजूर! मी त्या वर्षी विरोधी उमेदवार, मी काय म्हणणार? उंदरांवर अन्याय झाला म्हणणार?

मंत्री मात्र नाही झाला कधी. त्याच्याच पक्षाचे लोक वैतागलेले त्याच्यावर. एकदा सरकार वाचवायला एकेक मत हवं होतं, आणि हा कुठं? हा इथं! कुणाच्या तरी गाईचं वासरू आडवं आलं होतं, ते ओढत बसला होता! मेलबर्नहून फोनवर फोन, आणि हेडी, त्याची बायको, फोनवर सांगतेय, 'हो, निरोप देते, पण आत्ता त्याचे हात गुंतलेत.' सरकार वाचलं कसंबसं, वासरूही वाचलं, पण मंत्रिपद गेलं ते गेलंच. आणि सभागृहात बोलला किती? बोलला म्हणजे झोपेत बोलला तेवढाच! ती मागची हिरवी बाकं म्हणे फार मऊ असतात, तोच सांगायचा.

पण मयत कुठंही असो, वॉली हजर. आणि पुढच्या रांगेत बसून मान हलवणारा नाही बरं का! प्रार्थना झाली की हा सरळ हॉलच्या स्वयंपाकघरात, कमरेला ॲप्रन, हातात फडकं, बायका कपबशा धुताहेत आणि हा पुसतोय. कुणाच्या नातवाला काम नाही, कुणाच्या गल्लीत पाणी येत नाही, कुणाची सून नांदत नाही, सगळं त्याला बशा पुसता पुसता कळायचं. माझी आई गेली... ती मतदानाच्या आधीच्याच आठवड्यात गेली... तेव्हा शवपेटी उचलायला सहावा माणूस कमी पडला, मावसभावाची पाठ धरली ऐनवेळी. वॉली पुढं आला. माझ्या शेजारची कडी धरली आणि माझ्या पावलाशी पाऊल जुळवून चालला. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मला पेपरात द्यायचं होतं की आमदार निष्क्रिय आहेत म्हणून. मजकूर लिहून तयार होता! कसा देणार? सांगा ना! मी फाडून टाकला आणि रडलो. आईसाठी रडलो, पण थोडा त्या मजकुरासाठीसुद्धा रडलो, खोटं कशाला बोलू.

आणि मतदानाचा दिवस... अहो, त्या दिवसासाठी तर मी उभा राहायचो! नोव्हेंबरचं ऊन, माश्या, हॉलच्या दाराशी उजवीकडे वॉली, डावीकडे मी, दोघांच्या हातात आपापली पत्रकं. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत आम्ही शेजारी शेजारी. तो शू करायला गेला की त्याची पत्रकं मी वाटायची, मी गेलो की माझी त्यानं. शाळेतल्या आया सॉसेज भाजायच्या, पावात घालून वर कांदा, एक मला एक त्याला. 'डेस, यंदा पाडतोस बहुतेक मला.' 'वॉली, यंदा नक्की.' दरवेळी! त्याच उन्हात, त्याच माश्यांत!

एकदा तर भर मतदानात धूर दिसला. कापणीच्या यंत्रानं पेट घेतला होता, आणि वाळलेला गहू तो, तुम्हाला सांगतो, बघता बघता पेटतो! रांगेतली सगळी माणसं आगीच्या बंबावर, पुढं वॉली, मागं मी, उमेदवार दोन्ही गायब! आग विझवून परत आलो तर दोघंही कोळशासारखे काळे, फक्त डोळे दिसतायत. लोकांना कळेना वॉली कोणता आणि डेस कोणता. मी मनात म्हटलं, चला, आज तरी आपल्याला काही मिळेल! कुठलं काय! एक आजीबाई माझ्याजवळ आली, माझा काळा हात हातात घेतला, म्हणाली, 'शाब्बास रे वॉली!' आणि मग निरखून बघितलं आणि म्हणाली, 'अगबाई, डेस का? असू दे, असू दे. दुसरी पसंती तुलाच हं!'

असा माणूस! आणि तो न सांगता थांबतो? माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाव गाडीत टाकला आणि थेट त्याच्या फार्मवर. ग्लेनिस फोनवर ओरडतेय, 'डेस, भांडू नकोस!' मी म्हटलं, 'भांडणार! चांगला भांडणार!'

थंडीचे दिवस, तर ही दोघं शेडमध्ये सॉसेज भरत बसलेली. दरवर्षीची पद्धत त्यांची, आजोबापणजोबांपासूनची. मी दारातूनच, 'वॉली, हे काय ऐकतोय मी?' त्यानं मान वर केली, म्हणाला, 'बरा आलास. हे आतडं धर जरा.' आता भांडायला आलेल्या माणसाच्या हातात आतडं दिलं तर तो भांडणार कसा? धरलं! तो यंत्राचा दांडा फिरवतोय, मांस येतंय, मी आतडं धरून ओरडतोय, 'तू असा कसा थांबतोस? मला विचारलंस?' हेडी म्हणते, 'डेस, सैल सोड, फुटेल.' मी सैल सोडतोय आणि ओरडतोय!

'गुडघे रे,' तो म्हणाला.

'सभागृहात गुडघ्यांचं काय काम? बसायचंच असतं ना तिथं? नाही, तू तर झोपतोस!'

'ते घरीही छान करतो तो,' इति हेडी.

'आणि तुझं काय बिघडलं?' वॉली म्हणतो, 'मी नसलो तर आता तुझंच नाव पहिलं. सगळ्यांची दुसरी पसंती तूच ना? आता पहिला कोण? तूच! निवडून येशील गड्या!'

खरं तर मी तिथं म्हणायला हवं होतं की वॉली, मला निवडून नव्हतं रे यायचं, मला तुला हरवायचं होतं. म्हणजे हरवायचंही नव्हतं बहुधा... मला तुझ्या शेजारी उभं राहायचं होतं. तू नसताना जिंकणं म्हणजे समोरचा संघ घरी गेल्यावर गोल मारत बसणं. पण आमच्याकडे पुरुष असं बोलत नाहीत हो. पावसाबद्दल बोलतात, लोकरीच्या भावाबद्दल बोलतात. मी म्हटलं, 'मीठ जास्त झालंय मांसात.' तो म्हणाला, 'असेल.'

मग जरा वेळानं मी हळूच म्हटलं, 'एकदा. आणखी एकदाच उभा राहा. मग दोघंही थांबू. एकाच दिवशी.'

त्यानं दांडा थांबवला. हात पुसले. हेडी एकदम बाहेर निघून गेली, काहीतरी आणायला जातेय असं दाखवून. वॉली म्हणाला, 'डेस, संध्याकाळी मेलबर्नहून परत येताना कांगारू आडवं येतं ना... ते आता धडकल्यावरच कळतं मला. आधी दिसत नाही. गुडघे ठीक आहेत माझे. लोकांना गुडघे सांगतोय मी.'

मी आतडं बांधलं, दुसरं घेतलं. दुपारपर्यंत भरत होतो आम्ही. जाताना हेडीनं एक मोठं सॉसेज कागदात गुंडाळून दिलं, आणि घरी ग्लेनिस विचारते, 'भांडलास का?' तर मी तिच्या हातात सॉसेज ठेवलं.

बरं, वॉली म्हणाला ते डोक्यात मात्र राहिलं. सगळ्यांची दुसरी पसंती, पहिला गेला, मग आता पहिला कोण? हिशेब सरळ आहे ना? मी पुन्हा उभा! नवव्यांदा! नवी पोस्टरं छापली, शिडी वॉलीचीच आणली आणि एकदम खांबाच्या टोकाला ठोकली. वर कुणी नाही! इतकं मोकळं मोकळं वाटलं मला तिथं, की दोनचार खांबांनंतर पुन्हा आपल्या जुन्या उंचीवर ठोकायला लागलो. सवय हो!

आणि त्याच्या पक्षानं उभं कुणाला केलं? टेगनला! गुरांची डॉक्टर! आता तिच्याशी काय लढणार तुम्ही? या तालुक्यातल्या प्रत्येक गाईच्या पोटात त्या मुलीनं कोपरापर्यंत हात घातलाय! माझ्या स्वतःच्या कुत्र्याचा पाय तिनं जोडलेला, कुत्रं तिच्या पोस्टरकडे बघून शेपटी हलवतं! आणखी दोघं होते, एक बंदूकवाला, म्हणजे शिकाऱ्यांच्या पक्षाचा, आणि एक समुद्राकडचा कोणीतरी, ज्याला आम्ही अजून पाहिलेलं नाही.

मतदानाचा दिवस उजाडला. तेच ऊन, त्याच माश्या, सॉसेजचा तोच वास. मी डावीकडे उभा. उजवीकडे ती मुलगी, मोठी टोपी, सगळं व्यवस्थित. मी आपला सवयीनं उजवीकडे वळून म्हणतो, 'यंदा नक्की—' आणि ती म्हणते, 'काही म्हणालात का मिस्टर पेनरोझ? पाणी देऊ का?' मिस्टर पेनरोझ! मला जन्मात कुणी मिस्टर म्हटलं नाही, पोलिसानं पकडलं तेव्हासुद्धा डेसच म्हणाला. चांगली मुलगी हो, काही वाईट नाही तिच्यात. शू करायला गेलो तर माझी पत्रकं वाटली तिनं. पण मला इतकं एकटं वाटत होतं, इतकं एकटं, की भर गर्दीत मी रस्त्याकडे बघत होतो, ती धुळीची गाडी दिसते का म्हणून.

आली! पण हेडी चालवत होती. वॉली शेजारच्या सीटवर. उतरला, रांगेत उभा राहिला, सगळ्यांच्या मागं, साध्या माणसासारखा. दारापर्यंत यायला त्याला अर्धा दिवस लागला म्हटलं तरी चालेल, जो तो हात हातात घेतोय. माझ्याजवळ आला, डोळे बारीक करून बघितलं, म्हणाला, 'डेस ना?' मी म्हटलं, 'तुझा टाय!' खदखदून हसला. मी पत्रक पुढं केलं. त्यानं घेतलं, घडी घातली, खिशात ठेवलं, आणि मग एकदम गंभीर झाला. हा माणूस खोटं बोलत नाही हो कधी, तेच तर दुखणं आहे.

'डेस,' म्हणाला, 'पक्ष म्हणजे पक्ष रे. उभं आयुष्य त्यात गेलं. पण गड्या... दुसरी पसंती तुलाच हं!'

घ्या! वॉलीसुद्धा! तुम्हाला सांगतो, मी हसलो. रागसुद्धा आला नाही. त्याच्या तोंडून ते इतकं गोड वाटलं की काय सांगू.

मग मी माझं मत द्यायला आत गेलो. पुठ्ठ्याचा आडोसा, दोरीला बांधलेली पेन्सिल. पेनरोझ, डेस्मंड, एक. ते काय, नवव्यांदा लिहीत होतो. मग दोन. आणि पेन्सिल थांबली! कारण मी आजवर हे कुणाला सांगितलं नाही, ग्लेनिसलासुद्धा नाही, पण आठही निवडणुकांत माझी दुसरी पसंती वॉलीला. आमच्या पक्षाचा आदेश काहीही असो, एक मी, दोन वॉली, डोळे मिटून. माझा हात त्याचं नाव शोधत खाली गेला, वर आला, पुन्हा खाली... क्लाइनिग नाही. टेगन आहे, बंदूकवाला आहे, तो समुद्राकडचा आहे. वॉली नाही! मला एकदम कळलं हो, की तो खरंच नाही. बेकरीत नव्हतं कळलं, शेडमध्ये नव्हतं कळलं, ते तिथं पेन्सिल हातात धरून कळलं. बाहेरून मतपत्रिका देणारी बाई विचारतेय, 'डेस, सगळं ठीक ना आत?' आणि माझ्या डोळ्यांतून पाणी. म्हातारा माणूस, स्वतःच उमेदवार, मतपत्रिकेवर टिपं गाळतोय!

दोन कुणाला देऊ? देववेना. मग मी काय केलं, तर खाली जी कोरी जागा असते ना, तिथं एक चौकोन काढला. नीट, कडा जुळवून. शेजारी लिहिलं, वॉली क्लाइनिग. आणि चौकोनात घातला दोन. मग टेगनला तीन, चार, पाच उरलेल्यांना. मत बाद होणार हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! म्हटलं होऊ दे. हजारो मतांनी आठ वेळा पडलेला माणूस मी, मला एका मताचं काय कौतुक? घडी घातली आणि टाकली पेटीत. फार बरं वाटलं बघा.

मोजणीला उमेदवाराला आत बसू देत नाहीत, म्हणून आमच्याकडून ग्लेनिस आत. मी बाहेर पायरीवर. मतदारसंघाचं काय, तो टेगनचाच, रेडिओवर ऐकू येतच होतं. मी वाट बघत होतो ती पिंडारूच्या पेटीची. दार उघडलं, ग्लेनिस बाहेर आली, चेहरा असा की हसतेय की रडतेय कळेना.

'गेली का पेटी?' मी विचारलं.

'गेली नाही, आली नाही. बरोबरीत. जितक्या तिला पहिल्या पसंती, तितक्याच तुला. तीनदा मोजलं.'

बरोबरीत! मी! पिंडारूत! अहो, मी उठून नाचणार होतो, कंबर विसरून! म्हणजे बेकरीवालीनं दिलं मला, दातवाल्यानं दिलं, सगळ्यांनी ती दाबलेली माया काढून दिली की हो! तेवढ्यात ग्लेनिस म्हणते, 'आणि एक मत बाद झालं. तुलाच पहिली होती त्यावर. ते धरलं असतं तर पेटी आपली होती डेस, एका मतानं! पण कुणा गाढवानं खाली चौकोन काढून वॉलीचं नाव लिहिलंय आणि त्याला दिलीय दुसरी!'

मी पायरीवर बसलो ते बसलोच. ग्लेनिसनं माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांचा संसार आहे आमचा, किराण्याच्या चिठ्ठ्या मी लिहितो आणि ती वाचते. गाडीत बसली, पट्टा लावला, आणि गाडी वळवता वळवता म्हणाली, 'चौकोन मात्र सुरेख काढला होता गाढवानं.'

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. वॉली! 'डेस, अरे काय ऐकतोय मी? एका बाद मतामुळं तुझी पेटी हुकली? मला तर झोप लागली नाही रे. कोण होतं ते गाढव?'

मी म्हटलं, 'असेल कुणीतरी, वॉली. तुझ्याच माणसांपैकी.'